आर्मासला पुलापर्यंत पोचवलं

७ ऑक्टोबर १९३९, शनिवार

ही वही सुनेनं हेलसिंकीहून धाडली. तिथं कुणी पुस्तकं छापणारा आहे, त्याला राष्ट्राध्यक्षांच्या आईच्या आठवणी हव्यात. माझी शाळा म्हणजे दोन हिवाळे, तेसुद्धा फिरते मास्तर आमच्याच स्वयंपाकघरात मुक्कामाला होते म्हणून. काय लिहून देऊ त्याला? राष्ट्राध्यक्ष लहानपणी माती खायचे, हे? पण कागद चांगला आहे, वाया का घालवा. दिसेल ते लिहीन. छापायला देणार नाही.

आज ते राष्ट्राध्यक्ष, म्हणजे माझा आर्मास, आला होता. बरोबर तो उंच कॅप्टन ब्रांडर, त्याचा लष्करी मदतनीस, सावलीसारखा. खंदक बघायला आले होते. मॉस्कोहून बोलावणं आलंय. त्यांचं ते दुसरं मोठं शहर आमच्या सीमेला फार खेटून आहे म्हणे, तेव्हा फिनलंडनं सीमा मागं घ्यावी. शहर तुम्ही बांधलंत नदीजवळ. आमची सीमेची नदी होती तिथंच आहे.

आर्मासचा एकुलता एक ओस्मो राखीव फौजेत बोलावला गेलाय, आणि आमच्या लेपोला गावामागच्या टेकडीवरच खणतोय. म्हणजे नातू रोज दिसतो. मुलगा दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हापासून सणासुदीला दिसतो.

शनिवार म्हणून दुपारपासून सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवला. तळ्याकाठच्या त्या काळ्या लाकडी खोपटात आर्मास जन्मला, आणि त्याच्या बापाला, यालमारीला, मी तिथंच शेवटची आंघोळ घातली. वाफेत अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या नव्या जुड्या भिजवून ठेवल्या. दगड असे तापले होते की पाणी टाकताच फुत्कारत होते. तर हा म्हणतो, "आज नको आई. सर्दी आहे."

सर्दी आहे म्हणून सौना नको. भूक लागलीय म्हणून जेवण नको, त्यातली गत.

ओस्मो आणि कॅप्टन आत वाफ घेत होते, आणि हा बाहेर पायरीवर ओव्हरकोट घालून बसला. कॉलर एवढी सैल की आत माझा हात गेला असता.

"वाड्यात जेवायला देत नाहीत का रे?"

"देतात. भाषणं संपेपर्यंत गार होतं."

तापवलेल्या सौनाला नाही म्हणणारा माणूस मी या वयापर्यंत पाहिला नव्हता. शत्रूसुद्धा नाही म्हणत नाही. तिकडं पांढऱ्या फरशांच्या न्हाणीघरात न्हायची सवय लागली, आता आमचा धूर नको. बरं.

१ नोव्हेंबर

शेजारची हुल्दा रेडिओवर ऐकून धावत आली. इतकी जड बाई धावते तेव्हा बातमी वाईटच असते.

"लोविसा, तुझ्या पोरानं आपल्याला विकलं."

"विकलं असतं तर हातात काही पडलं असतं."

"पडलंय की. उत्तरेला जंगल देतायत बदल्यात. आपल्या पट्ट्याच्या दुप्पट."

"तिथं अस्वलं राहतात."

"मग माझ्या नवऱ्याला सोबत होईल," हुल्दा म्हणाली, आणि माझ्याच बाकावर बसून रडली.

आर्मासनं ठरवलंय, सीमेलगतचा पट्टा द्यायचा, समुद्रातली बेटंही द्यायची, पण लढाई करायची नाही. पंतप्रधान विरोधात आहेत, अर्धं मंत्रिमंडळ विरोधात आहे. पट्ट्यात लेपोला येतं. माझं घर, तळं, यालमारीची कबर, सगळं येतं. नकाशावर रेघ मारताना त्याचा हात कुठं अडला का, कोण जाणे. माझ्या सासऱ्यानं ही जमीन दगड वेचून वेचून केली. ते दगड अजून बांधावर आहेत.

संध्याकाळी दुकानातला पोऱ्या निरोप घेऊन आला, हेलसिंकीहून फोन आहे, राष्ट्राध्यक्ष स्वतः आहेत. मी म्हटलं, सांग त्यांना, म्हातारी गाईचं दूध काढतेय. गाय आटून महिना झाला, हे त्यालाही ठाऊक आहे.

म्हणून तो सौनात आला नाही, हे आज कळलं. मनात हे होतं तर आईसमोर उघड्या अंगानं बसणार कसा?

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. ऐसपैस बसले. पाद्रीबाबांनी मातृभूमीवर प्रवचन केलं आणि अख्खा वेळ माझ्या डोक्यावरच्या खिडकीकडं बघत होते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सिग्ने आली, माझी सून. एकटी, रेल्वेनं, तिसऱ्या वर्गातून. राष्ट्राध्यक्षांची बायको तिसऱ्या वर्गातून येते म्हणजे कुणाला कळू द्यायचं नाहीये. मला वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलं. तेवढं नाही.

तिला कलेजी हवी. वासराची, ताजी. दर आठवड्याला बर्फात घालून गाडीनं पाठवाल का म्हणाली, कॅप्टन स्टेशनवर घेईल.

"हेलसिंकीत खाटीक मेले का?"

"इथली चांगली असते, आई."

"लग्नात माझ्या हातची कलेजी बघून तू रुमाल नाकाला लावला होतास. तोही कशिद्याचा."

"आता खातो आम्ही. अर्धी कच्चीच. डॉक्टर म्हणतात चांगली असते."

बड्या लोकांची थेरं. एक वर्ष कच्ची गाजरं खात होते, आता कच्ची कलेजी. पाठवीन म्हटलं. नाही तरी सगळी वासरं बरोबर न्यायला कुठं मिळणार आहेत.

मग तोंड उघडलं तिनं. "आई, तुम्ही एकदा त्याच्याशी बोला. फोनवर तरी. तो रोज विचारतो, लेपोलाहून काही आलं का."

"त्यानं यावं. पाय आहेत त्याला."

तेवढ्यात ओस्मो टेकडीवरून आला, चिखलानं भरलेला. आईला बघून खूश व्हायचं सोडून वाद काढला. म्हणाला, आम्ही सगळे तयार आहोत, पोरं गाणी म्हणत खणतायत, आणि आमच्या कंपनीत मी एकटा असा आहे की जेवताना बाकीचे माझ्यापासून सरकून बसतात. "बाबांना सांग, मी आडनाव बदलतोय."

सिग्ने भांडी घासायला उठली. तिनं माझ्या घरी आजवर एक कप विसळलेला नाही. एकच वाडगं घासत कितीतरी वेळ खिडकीकडं तोंड करून उभी होती. ती स्वीडिश बोलणाऱ्यांच्या घरातली, त्यांना रडू लवकर येतं. ते वाडगं मात्र चकचकीत निघालं.

६ डिसेंबर, स्वातंत्र्यदिन

आमंत्रण आलं होतं, सोनेरी कडेचं. गेले नाही. त्याच कागदानं मी चूल पेटवली.

दरवर्षी या दिवशी राष्ट्राध्यक्ष वाड्यात उभे राहतात आणि अख्खा देश रांगेनं येऊन हात मिळवतो. मंत्री, सुईणी, शाळामास्तर, सगळे. गेल्या वर्षी आर्मासचा हात सुजला होता, मी ताकाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. या वर्षी रेडिओवाला म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष यंदा प्रत्येक पाहुण्याला मान लववून अभिवादन करत आहेत." हात मिळवलाच नाही कुणाशी. भाषणही म्हणे बसून केलं.

हुल्दाच्या घरात ऐकत होतो सगळे. तिचा नवरा म्हणाला, "हात कसा देईल? हातात काय आहे ते दिसेल ना लोकांना."

मी कॉफी संपवून उठले.

९ डिसेंबर

संसदेनं दिला पट्टा. अगदी काठावर, पण दिला.

सही मात्र मॉस्कोत नाही. आर्मासनं कळवलं की फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्याच्या दारात जाऊन जमीन देणार नाही. सीमेच्या नदीवर रेल्वेचा पूल आहे, तिथं या, पुलाच्या मध्यावर डबा उभा करू, दोन्ही बाजूंनी सारखंच चालायचं. आणि ते कबूल झाले. पेपरांनी मोठ्या अक्षरात छापलंय. हुल्दाचा नवरासुद्धा म्हणाला, "चला, कणा थोडा शिल्लक आहे." माझी छाती जराशी फुगली. लगेच दाबली.

खाली बारीक अक्षरात होतं की राष्ट्राध्यक्ष आदल्या दोन रात्री लेपोलाला आपल्या आईकडं मुक्काम करतील. आईला विचारलं नाही कुणी. पेपरात वाचायचं.

१४ डिसेंबर

आला. घोड्याच्या घसरगाडीतून, घोंगड्यांत गुंडाळून, बाजारात न्यायच्या डुकराच्या पिल्लासारखा. कॅप्टननं जवळजवळ उचलूनच उतरवला. मी दारात उभी होते, हाताची घडी घालून. दीड महिना जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं जिभेवर होतं.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

"अजून तरी माझंच घर आहे. ये."

मेणबत्तीसारखा दिसतो. दोन घास मासळीचं सार घेतलं आणि बापाच्या खाटेवर झोपला. मी ठरवलं, उद्या बोलू. झोपलेल्याला शिव्या देण्यात गंमत नाही.

१५ डिसेंबर

सकाळी कॉफी घेऊन गेले तर तो सदरा बदलत होता. दार वाजवायची सवय मला नाही, पोराच्या खोलीचं दार आईनं काय वाजवायचं.

अंगभर डाग. निळे, काळे, पिवळे पडत चाललेले, पाठीवर, दंडांवर, फासळ्यांवर. फासळ्या सगळ्या दिसत होत्या आणि पोटाची डावी बाजू मात्र फुगलेली. मला एकच सुचलं.

"कुणी मारलं तुला?"

तो हसला. खरंच हसला. "ही कोटाची गुंडी. ही गाडीच्या दाराची कडी. आणि हे सिग्नेनं जिना चढताना दंड धरला होता ते."

मी कॉफी खाली ठेवली. सांडली नाही, हे लिहून ठेवते.

रक्त बिघडलंय त्याचं. पांढरं होत चाललंय म्हणे, डॉक्टरांकडं त्याला नाव आहे, औषध नाही. उन्हाळ्यापासून त्याला ठाऊक आहे. त्याला, सिग्नेला, डॉक्टरला आणि कॅप्टनला.

"ओस्मोला?"

"नाही. त्याच्या वयात तोंड बंद राहत नाही. तो रागावलेलाच बरा."

"आणि आईला सांगावंसं वाटलं नाही."

"आई, तू खोटं बोललीस की अख्ख्या गावाला कळतं."

"मग सर्दी कसली सांगितलीस मला?"

"सौनात कपडे काढावे लागतात," तो म्हणाला.

मी खाली जाऊन तांब्याची किटली घासायला घेतली. ती स्वच्छच होती.

थोड्या वेळानं तो भिंत धरत स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, आज सौना तापव. उद्या पुलावर जगभरचे फोटोवाले येणार. चेहरा असा मेणाचा दिसला तर सगळं फसलं. रशियनांना कळलं की हा जायचाय, तर ते सही थांबवतील आणि पुढच्या माणसाकडून जास्त मागतील. आपल्या लोकांना कळलं तर ते याला खुर्चीवरून उठवून पंतप्रधानांना बसवतील. पंतप्रधानांनी शपथ घेतलीय, एक वीतही देणार नाही म्हणून.

"चांगला माणूस आहे," आर्मास म्हणाला. "शूरही आहे. त्याला मूल नाही."

शनिवार नव्हता, तरी तापवला. जुड्या भिजवल्या नाहीत. दगड कोमटाहून जरा वर, पोरांसाठी तापवतात तेवढेच. खालच्या बाकावर बसवलं आणि मऊ फडक्यानं पाठ धुतली. त्याला बाळपणी धुवायचे तेव्हा तो लाथा मारायचा. आज मलाच वाटत होतं, त्यानं एक तरी लाथ मारावी.

सौनात भांडत नाहीत. चर्चमध्ये वागावं तसं वागायचं, हे मीच त्याला शिकवलेलं. आणि सौनात खोटंही बोलत नाहीत. तेव्हा विचारायचं ते तिथंच विचारलं.

"माझं घर ओस्मोसाठी दिलंस का?"

"सगळ्यांच्या पोरांसाठी."

मी पाणी ओतायचं थांबले. तो समजला.

"आधी ओस्मोसाठी," तो म्हणाला. "मग बाकीच्यांसाठी. भाषणात उलटं सांगतो."

"मी आत्ता जाऊन फाटकाशी जमलेल्या पेपरवाल्यांना एक शब्द सांगितला तर माझं घर राहील."

"राहील. काही आठवडे."

"आणि तू घरी राहशील. खाटेवर. माझ्यासमोर."

"हो," तो म्हणाला. "तेही काही आठवडे." मग डोळे मिटून भिंतीला टेकला. "म्हणून तर इथं आलो आई. तुझ्या घरात माझं दुखणं लपणार नाहीच, हे माहीत होतं. ठरव तू."

राष्ट्राध्यक्ष तो, आणि ठरवायचं मी. लहानपणापासून असाच. अवघड कुऱ्हाड माझ्या हातात द्यायचा.

गाल थोडे लाल झाले. उद्या सकाळी परत तापवावा लागेल.

१६ डिसेंबर, शनिवार

सकाळी लवकर परत तापवला. धुतलं, पुसलं, आतून लोकरीचे दोन सदरे चढवले म्हणजे कोट भरेल. दाढी मी केली. वस्तऱ्याचा एक ओरखडा जरी उठला तरी रक्त थांबत नाही म्हणे. एकही उठू दिला नाही.

स्टेशनापासून पुलापर्यंत चालायचं होतं. गाडीनं जाता आलं असतं, पण रशियन चालत येणार, तर आपणही चालत, असं त्यानंच लिहून दिलेलं. त्या कागदावर सही केली तेव्हा पाय चालत होते. कॅप्टन म्हणाला, मी दंड धरतो. मी म्हटलं, तू धरलास तर लोक विचारतील, धडधाकट माणसाला का धरलंय. मी धरते. लोकांना वाटेल, म्हातारीला आधार देतोय.

आर्मासनं माझ्याकडं बघितलं. ठरलं ते ठरलं. मी चर्चचा काळा रुमाल बांधला आणि त्याच्या काखेत हात घातला.

रुळांच्या दोन्ही बाजूंना आमचंच गाव उभं होतं. कुणी टोपी काढली नाही. हुल्दा होती, तिचा नवरा होता. टेकडीवरची पोरंही होती, त्यात ओस्मो, टोपी डोळ्यांवर ओढून. बर्फ कडक होतं. आर्मासचा सगळा भार माझ्या खांद्यावर. दिसायला मी वाकलेली, तो ताठ. मी तशीही वाकलेलीच असते.

अर्ध्या वाटेवर एक गोल चष्म्याचा परदेशी वार्ताहर पुढं घुसला. आमची भाषा बरी बोलत होता. "आजी, राष्ट्राध्यक्ष फार बारीक झालेत. तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

हुल्दाचा नवरा मान पुढं काढून ऐकत होता. एक शब्द. तो शब्द माझ्या तोंडात होता, दातांच्या मागं, उतू चाललेल्या दुधासारखा. माझं घर, माझं तळं. हा घरी, खाटेवर. आणि त्या टोपीखाली ओस्मो.

मी म्हटलं, "बारीक न व्हायला काय झालं? शरद सुरू झाल्यापासून मी त्याला पोटभर जेवायला घातलेलं नाही. आईचं घर विकणाऱ्याला कोण वाढतो?"

लोक हसले. वाईट हसले, पण हसले. वार्ताहरानं वहीत लिहून घेतलं. आर्मास माझ्या कानाशी म्हणाला, "खोटं बोलायला कधी शिकलीस?"

"यातलं खोटं काय आहे?" मी म्हटलं. "चाल."

पुलाशी मी हात सोडला. पुढची काही पावलं तो एकटा चालला. डब्याची पायरी चढताना कॅप्टन मागं इतका जवळ होता की त्याचा गुडघा आर्मासला टेकलेला, पण ते फक्त मला दिसलं. मग दार लागलं. आत काय झालं मला माहीत नाही. पेपरात येईल.

बाहेर आला तेव्हा गालांचा रंग उतरला होता. पण तोवर फोटोवाले रशियनांकडं वळले होते.

निघताना घोंगड्यांतून हात काढून त्यानं माझा रुमाल सारखा केला. मी म्हटलं, घोंगडी नीट घे. एवढंच बोललो.

१९ डिसेंबर

फोटो आलाय पेपरात. पहिल्या पानावर आम्ही दोघं. खाली लिहिलंय: "वृद्ध मातेला आधार देताना राष्ट्राध्यक्ष." माझा खांदा अजून वर होत नाही.

हुल्दा पेपर घेऊन आली, आत आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मी गावाला सांगत होते, लोविसा आपल्या बाजूची आहे. तू त्याच्या हातात हात घालून गेलीस. नवरीसारखी."

"मुलगा आहे माझा."

"मग त्याच्याबरोबरच राहा. माझ्या दारात येऊ नकोस."

आम्ही दोघी एकाच वर्षी सुना होऊन आलो या गावात. सांगितलं असतं तर तिनं मला धरून ठेवलं असतं. सांगितलं नाही. कराराप्रमाणं दोन्हीकडच्या फौजा नव्या सीमेपासून मागं जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा त्याचा शब्द आहे. नाहीतर लोक म्हणतील, मरणाऱ्यानं शुद्ध हरपून सही केली, कागद फाडा.

नाताळला हेलसिंकीला जाऊ का, सिग्नेला विचारलंय.

२३ डिसेंबर

सिग्नेचं उत्तर आलं. येऊ नका म्हणते. राष्ट्राध्यक्षांची आई नाताळात घर सोडून धावत आली की पेपरवाले वास काढतील. तो म्हणतो, फोटोत आपण छान आलोय.

कलेजी पाठवायचीही आता गरज नाही, असं शेवटी लिहिलंय.

२ जानेवारी १९४०

कॅप्टन आला. एकटा. टोपी हातात होती, म्हणजे विचारायला नको.

पहाटे गेला. रेडिओवर सांगणार की काम करता करता अचानक हृदय थांबलं. कॅप्टननं बाकावर बसून गुडघ्यांवर डोकं टेकलं. एवढा उंच माणूस. मी त्याला मासळीचं सार वाढलं. त्यानं सगळं खाल्लं.

"काही म्हणाला?" मी विचारलं.

"फौजा कुठवर मागं गेल्या, ते विचारलं."

"आणि?"

"अर्ध्यावर, म्हणून सांगितलं. जायच्या होत्या अजून. मी जरा वाढवून सांगितलं, आजी."

"बरं केलंस."

त्याला धुतलं कुणी, ते मी विचारलं नाही. तिकडं त्या कामाला पगारी माणसं असतात.

७ जानेवारी, रविवार

दफन झालं. हेलसिंकीत, तोफांच्या सलामीसह. सिग्नेनं माझा दंड धरला होता. माझ्या दंडावर काही डाग पडत नाही, कितीही धरा.

नवे राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपले तेच पंतप्रधान. त्यांनी करार पाळू म्हणून सांगितलं. पाळावाच लागेल, सही झालीय. माझा हात मात्र त्यांनी दोन्ही हातांनी दाबला.

परत आले तर दुकानात हुल्दाचा नवरा सांगत होता, "देवानं केला न्याय. एक महिनासुद्धा गेला नाही." मला बघून त्यानं पाठ फिरवली. मी मीठ घेतलं आणि आले. न्यायाबद्दल मला पुष्कळ बोलता आलं असतं.

२७ जानेवारी, शनिवार

उद्या निघायचं. सगळा पट्टा निघालाय. रस्त्यावर गाड्याच गाड्या, गाई, खाटा, घड्याळं. काल पाद्रीबाबांनी कबरस्तानात सगळ्यांना एकदम निरोप द्यायला लावला. यालमारीला म्हटलं, पोरगा तुझ्याकडं आला नाही, राजधानीत ठेवलाय, शोध.

आज जमीन घासली. वाळू, राख, गरम पाणी, गुडघ्यांवर बसून, भिंतीपासून दारापर्यंत. गावातल्या सगळ्या बायका आज हेच करतायत. पलीकडं हुल्दाच्या बादलीचा आवाज येत होता. मला वाटतं, माझ्या बादलीचा तिला येत असेल.

ओस्मो घसरगाडी घेऊन आला. फौजेतून सोडलंय त्याला. आल्याबरोबर कुरकुर सुरू. घोडा लंगडतो, कपाट दारातून जाणार नाही, कंपनीत निरोपाला कुणी दारू पाजली नाही. बूट तसेच, बर्फ आणि शेण भरलेले, सरळ माझ्या ओल्या फळ्यांवर.

"बाहेर हो. बूट काढ."

"आजी, उद्या इथं रशियन येणार. कुणासाठी घासतेयस?"

"कुणी बाई येईलच. तिनं म्हणू नये की फिनलंडच्या बायका घाणीत राहत होत्या."

तो उंबऱ्यावर थांबला. बूट काढायला वाकला आणि तसाच वाकून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आजी, बाबा घाबरले होते का? सगळे म्हणतात, घाबरून सही केली."

"घाबरला होता."

"रशियनांना?"

"नाही."

"मग कशाला?"

सांगायला वसंत यावा लागेल. फौजा अजून पूर्ण मागं गेलेल्या नाहीत. तोवर तो मला विचारत राहील, आणि मी त्याला काम सांगत राहीन.

"मोजेही काढ," मी म्हटलं. "भिजलेत."

त्यानं काढले. आणि बोचकं उचलायला अनवाणी आत आला, टाचा उचलून, गार लागतं म्हणून शिव्या घालत. त्याचे पाय बापासारखे, रुंद आणि कुरूप, अंगठे बाहेर वळलेले. थंडीनं लाल झालेले. दोन्ही धड, सगळी बोटं जागच्या जागी. ओल्या फळ्यांवर त्याची पावलं उमटत गेली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

फडकं हातातच होतं. पुसली नाहीत.